पहिली खोटी सही आपण स्वतःसाठी करतो

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुण ग्रामसेवक ताईंचा आहे. तीन वर्षांची कंत्राटी मुदत संपवून त्या नुकत्याच कायम झाल्या. दोन गावं आणि एक कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, त्यांच्याकडे आहे. सध्या अतिवृष्टीचे पंचनामे सुरू आहेत. सरपंच म्हणतात, सरसकट नुकसान लिहा. वरून फोनवर निरोप येतो, आकडा फुगू देऊ नका. त्या तालुक्याच्या गावी राहतात, चार वर्षांची मुलगी तिथं सासूबाईंजवळ असते आणि माहेरी वडिलांचं पीककर्ज थकलं आहे. त्या लिहितात, "सगळ्यांचं मन राखता राखता मी माझीच राहिली नाही. सरळ राहून ही नोकरी होते का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. होते. मी ३३ वर्षं केली, १९८८ ते २०२१. ग्रामसेवक म्हणून लागलो, ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात अजून ग्रामसेवकच चालतं, म्हणून मीही तेच लिहितो. ३३ वर्षांत एकही डाग लागला नाही असं मला म्हणता येणार नाही. एक खोटी सही मला फार महाग पडली. तिच्याबद्दल पुढं सांगतो, कारण तिनंच मला बाकीचं शिकवलं.

तुम्ही चार दाब सांगितले: सरपंच, साहेब, सासर, माहेर. पाचवा तुम्ही लिहिला नाही, आणि माझ्या मते या चारांच्या हातात जोर देणारा तोच आहे. तुम्ही राहता तालुक्याच्या गावी. मग घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडला आहे का?

जोडला असेल तर मी तुम्हाला नावं ठेवत नाही. मीसुद्धा १९९१ साली असाच दाखला घेतला होता. लग्न नुकतं झालेलं. गावात भाड्यानं खोली मिळत नव्हती, मिळाली तिला संडास नव्हता. बायको तालुक्याला राहिली, मी सायकल आणि एसटीनं जायचो. सगळेच तसं करायचे, म्हणून दाखला घेताना हात थरथरला नाही. सहा महिन्यांनी सरपंचानं आपल्या पुतण्याचं नाव लाभार्थ्यांच्या यादीत घालायला सांगितलं. पुतण्याचं पक्कं घर होतं, दारात बैलजोडी होती. मी नाही म्हटलं. तो माणूस चिडला नाही, आवाजही चढवला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सायेब, तुमचा दाखला म्या देल्ला नं? मंग माह्या पोट्ट्याचं एक नाव तुमाले जड जाते का?"

त्या क्षणी मला कळलं की माझ्या गळ्यात दावं आहे आणि त्याचं दुसरं टोक मीच त्याच्या हातात दिलं आहे. लाच घेतलेली नव्हती, कोणाचा रुपया खाल्ला नव्हता. फक्त माझ्या सोयीसाठी एक कागद खोटा केला होता. आपल्या खात्यात प्रामाणिकपणाची गोष्ट निघाली की लोक लगेच टक्केवारीवर येतात, ठेकेदारावर येतात. पण माणूस पहिल्यांदा तिथं वाकत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, स्वतःच्या सोयीच्या एखाद्या दाखल्यावर, प्रवासभत्त्याच्या बिलावर, न घेतलेल्या सभेच्या इतिवृत्तावर वाकलेला असतो. पुढं येणाऱ्या माणसाला तो वाक बरोबर दिसतो.

म्हणून माझा पहिला सल्ला तुमच्या मनाबद्दल नाही, तुमच्या कागदांबद्दल आहे. एका रविवारी मुलगी झोपली की वही घेऊन बसा आणि लिहून काढा: माझा कोणता कागद खोटा आहे, आणि तो कोणाकोणाला माहीत आहे? एवढंच. मी हे १९९२ साली केलं तेव्हा माझ्या यादीत चार गोष्टी निघाल्या. घरभाड्याचा दाखला सगळ्यांत वर होता. मी भत्ता बंद करण्याचा अर्ज दिला. बायकोनं घरखर्चाची वही माझ्यापुढं ठेवली आणि काही बोलली नाही. ते वर्ष आम्हाला जड गेलं, हे लपवत नाही. पण पुढच्या ग्रामसभेत मी उभं राहून सांगितलं की मी गावात राहत नाही, मी सोमवार, बुधवार आणि शुक्रवार सकाळी ९ ते ५ कचेरीत असेन, बाकी दिवस दुसऱ्या गावात. तेच खडूनं फळ्यावर लिहिलं. लोक खूश झाले नाहीत. एक म्हातारा म्हणाला, "राह्यले असते तं बरं झालं असतं." खरंच होतं त्याचं. पण त्यानंतर तो दाखला कोणी माझ्या तोंडावर फेकू शकला नाही. दोन वर्षांनी, मुलगा शाळेत जायच्या आधी, आम्ही गावात राहायला गेलो आणि पाच वर्षं राहिलो. ती वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यांत चांगली.

तुम्ही गावात राहायलाच हवं असं मी म्हणत नाही. बाईमाणसानं एकटीनं लहान मूल घेऊन राहायचं तर घर, पाणी, रात्रीचा दवाखाना, सगळं पाहावं लागतं आणि पुष्कळ गावांत ते नाही. माझं म्हणणं इतकंच की न राहता राहते असं लिहू नका.

आता त्या खोट्या सहीबद्दल. साल १९९६, मार्च महिना. पोचमार्गावर मुरूम टाकण्याचं काम होतं. निम्मा मुरूम पडला होता, निम्मा बाकी. ३१ मार्चला निधी परत जाणार. एका वरिष्ठांनी बोलावून सांगितलं, पूर्णत्वाचा दाखला करा, एप्रिलमध्ये राहिलेलं काम करून घेऊ, गावाचंच भलं आहे. गावाचं भलं आहे हे खरंही होतं, म्हणून तर मी फसलो. सरळ लाच देऊ केली असती तर मी उठून आलो असतो. मी सही केली. एप्रिलमध्ये ठेकेदार दिसला नाही. जूनमध्ये पाऊस आला आणि त्या अर्ध्या रस्त्यावर एका बाळंतिणीची बंडी रुतली. तिला लोकांनी खाटेवर टाकून मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. ती आणि बाळ वाचलं. मी त्या खाटेचा एक पाय धरून चाललो होतो, आणि चिखलातून चालताना मला माझी सही दिसत होती.

दोन वर्षांनी तक्रार झाली, चौकशी लागली. तोपर्यंत ते वरिष्ठ बदलून गेले होते. फाइलीत त्यांचा एकही शब्द नव्हता. सगळं तोंडी. सही माझी. एक वेतनवाढ रोखली गेली आणि वसुली लागली. शिक्षा योग्यच होती. तेव्हापासून मला एक गोष्ट पाठ आहे: दाब देणारा माणूस बदलून जातो, सही गावात राहते.

त्यानंतर मी तोंडी आदेशांबाबत एक सवय लावून घेतली. ती तुम्ही उद्यापासून लावा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत वरिष्ठांनी आदेश शक्यतो लेखी द्यावा आणि तोंडी दिला तर नंतर लेखी कळवावा असं आहे. आपण जिल्हा परिषदेचे, आपले वर्तणूक नियम १९६७ चे. पण ही रीत कोणत्याही दप्तराला शोभणारी आहे. भांडायचं नाही, आवाज वर न्यायचा नाही. फोन ठेवला की त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र करायचं: "आज दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार अमुक करण्याबाबत कळवले आहे. कृपया लेखी आदेश व्हावेत, म्हणजे कार्यवाही करता येईल." जावक क्रमांक टाकून पाठवायचं, पोच जपून ठेवायची. दहापैकी आठ वेळा उत्तर येत नाही आणि ते काम पुन्हा कोणी सांगतही नाही. उरलेल्या दोन वेळा लेखी आदेश येतो. तो आदेश नियमाला धरून असेल तर करायचा. नसेल तर तसं लेखी कळवायचं. साहेब काही दिवस तुटक बोलतात. ते सहन करता येतं.

आमच्या काळात चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोन सह्या लागायच्या. आता वित्त आयोगाचा पैसा डिजिटल सहीनं जातो. तुमचा डोंगल आणि त्याचा पिन संगणक परिचालकाकडे ठेवलेला असेल तर आजच परत घ्या. सोयीसाठी ठेवतात, माहीत आहे मला. नेटवर्क रात्री येतं, तुम्ही गावात नसता. पण चेकबुकावर कोऱ्या सह्या करून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवण्यासारखंच ते आहे. तीच गोष्ट पंचनाम्याच्या कोऱ्या फॉर्मची. "सही करून द्या ताई, आम्ही भरून घेतो" असं कितीही ओळखीच्या माणसानं म्हटलं तरी नाही.

आता पंचनाम्यावर येतो. तुमच्या अंगावर आज तोच आहे.

गंमत पाहा, खालून दाब येतो आकडा वाढवण्याचा आणि वरून कमी करण्याचा. तुम्हाला वाटतंय की दोघांच्या मधला एखादा आकडा म्हणजे समतोल. तो समतोल नव्हे, दोन खोट्यांची सरासरी आहे ती. शेतातला आकडा कोणाच्याही मधे नसतो. तो शेतात असतो.

मदतीचा निकष तुम्हाला ठाऊकच आहे: ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषानं कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. राज्य कधी त्यात भर घालतं. म्हणजे ३२ आणि ३३ यांच्यात एका घराचा दिवाळीचा किराणा आहे. आणि डोळ्यांनी पाहून कोणीच ३२ की ३३ सांगू शकत नाही. हा अंदाजच असतो. याच अंदाजाच्या फटीतून ओळख शिरते, जात शिरते, पार्टी शिरते, आणि चांगल्या माणसाच्या बाबतीत दया शिरते. म्हणून शेवटी शेवटी आम्ही तिघांनी, म्हणजे तलाठी, कृषी सहायक आणि मी, एक पद्धत ठरवली होती. शेतात शिरलं की एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपं चालत जायचं. वाटेत पाच जागी टेपनं मीटर बाय मीटरचा चौकोन करायचा आणि त्यात उभी किती, पिवळी पडलेली किती, सडलेली किती ते मोजायचं. सोयाबीनला शेंगांत कोंब फुटलेत का पाहायचं, कपाशीला बोंडं काळी पडलीत का पाहायचं. बाहेर आल्यावर तिघांनी एकमेकांशी न बोलता आपापल्या कागदावर टक्का लिहायचा. मग तिन्ही कागद उघडायचे आणि मधला आकडा धरायचा. तिघांत फार फरक पडला तर परत आत जायचं.

आणि शेत कोणाचं, गट नंबर काय, हे आकडा लिहून झाल्यावर विचारायचं. गावात बहुतेक शेतं आपल्याला माहीत असतात, पण पोडाकडच्या आणि शिवेवरच्या पुष्कळ शेतांचं माहीत नसतं. तेवढ्यापुरता तरी हात स्वच्छ राहतो.

शेजारच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाला बांध लागलेला, शेतकरी पंच म्हणून सोबत घ्या. सरपंचांनी पाठवलेली दोन माणसं नकोत. धुऱ्याच्या शेजाऱ्याला शेजाऱ्याचं पीक आपल्याहून जास्त कळतं, आणि त्याला खोटं वाढवून दिलेलंही खपत नाही, खोटं कमी केलेलंही नाही, कारण उद्या त्याच्याही शेतात हेच तिघं येणार असतात. मग संध्याकाळी, त्याच दिवशी, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर किंवा मारुतीच्या पारावर उभं राहून दिवसभराचे आकडे मोठ्यानं वाचायचे. नाव, गट नंबर, क्षेत्र, टक्का. पोडावरची माणसं संध्याकाळी गावात येत नाहीत, म्हणून तिथलं वाचन तिथंच जाऊन करायचं. पहिल्या दिवशी आरडाओरड होते. दुसऱ्या दिवशी निम्मी होते. तिसऱ्या दिवशी लोक ऐकून घरी जातात.

या एका वाचनानं तुमचे दोन्ही दाब हलके होतात. सरपंच रात्री येऊन म्हणतील की अमक्याचं चाळीस करा, तर तुम्हाला सांगता येतं की भाऊ, सगळ्यांपुढं सव्वीस वाचलंय. वरून फोन आला की कमी करा, तर सांगता येतं की साहेब, यादी गावापुढं वाचली आहे, आता बदलायची तर लेखी आदेश द्या आणि ग्रामसभेत मी तो वाचून दाखवते. दाबाला अंधार लागतो, बंद खोली लागते, "तुमच्यात नि माझ्यात" अशी भाषा लागते. सरपंचांना अवघड जाऊ नये म्हणून ही पद्धत त्यांना आधी समजावून सांगा. पुष्कळ सरपंचांना मनातून बरंच वाटतं, कारण गावाचा दाब त्यांच्यावर तुमच्याहून जास्त असतो. सरपंच वाईट असतो असं धरून चालू नका. मी ज्यांच्यासोबत काम केलं त्यांतले बरेच जण नाही म्हणायला एखादं कारण शोधत असायचे.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे. आम्हाला एकदा अभ्यासदौऱ्यावर तिथं नेलं होतं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा पुष्कळांना माहीत आहे, पण मी पाहत होतो ते वेगळं. तिथं निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतो. बहुमतानं हात वर करून उरकत नाहीत, एकाचाही विरोध असेल तर बसतात, बोलतात, पुन्हा बसतात. वेळ लागतो. पण या गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकारही मिळवला. मला तिथं बसल्या बसल्या वाटलं, इथं ठेकेदारानं दाबायचं कोणाला? दाबायला एकटा माणूसच सापडत नाही. आपण ग्रामसेवक मात्र एकटेच मधे उभे राहतो आणि मग आपल्या हिमतीची परीक्षा घेत बसतो. हिंमत रोज पुरत नाही, ताई. ताप असतो, पगार उशिरा झालेला असतो, मुलगी रडून झोपलेली असते. तेव्हा टिकायला पद्धत लागते.

वर मी दयेबद्दल एक शब्द टाकून पुढं गेलो. त्यावर थांबायला हवं. सरपंचाला नाही म्हणणं सोपं आहे. ठेकेदाराला तर फारच सोपं. मला अवघड गेलं ते २०१३ साली.

त्या पावसाळ्यात विदर्भात फार पाऊस झाला. तेव्हा मदतीचा उंबरठा ३३ नव्हता, ५० टक्के होता. नाल्याकाठी एका बाईची तीन एकर सोयाबीन होती. नवरा आदल्या हिवाळ्यात आजारानं गेला होता, दोन लेकरं. आम्ही पाच चौकोन मोजले. तिघांच्या कागदांवर ४२, ४५, ४५ निघाले. ती धुऱ्यावर उभी होती. म्हणाली, "भाऊ, पाच टक्क्यांनं तुमचं काय जाते?" माझं काहीच जात नव्हतं. तलाठी माझ्याकडे पाहत होते. पंच म्हणून आलेला शेजारी खाली पाहत होता. पन्नास लिहिलं असतं तर तोही बोलला नसता.

आम्ही ४५ लिहिलं.

मी बरोबर केलं की चूक, यावर मी पुष्कळ रात्री विचार केला आहे. माझं उत्तर हे: पन्नासचा उंबरठा चुकीचा होता. कोरडवाहू तीन एकरात ४५ टक्के गेलं तर हाती लागवडीचा खर्चही येत नाही. पुढं २०१५ मध्ये सरकारनं तो ३३ वर आणला. पण उंबरठा चुकीचा आहे हे कोणाला तरी दिसायचं तर ४२ आणि ४५ चे आकडे कागदावर असावे लागतात. आम्ही सगळ्यांनी दया करून सगळीकडे पन्नास लिहिलं, तर कागदावर मधली माणसं उरतच नाहीत. वरच्याला वाटतं नियम ठीक चालला आहे. आणि ज्या गावात दयाळू ग्रामसेवक नाही, तिथली ४५ वाली बाई कायमची बाहेर राहते.

पण हे बोलून मी घरी गेलो असतो तर ते पाप झालं असतं. खरं लिहून नाही म्हटलं की तुमच्यावर एक देणं चढतं. ज्याला नाही म्हटलं त्याच्यासाठी जे खऱ्या मार्गानं करता येतं ते सगळं करून द्यायचं, आणि त्यानं मागायच्या आधी. त्या बाईच्या घरी मी दुसऱ्या दिवशी गेलो. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद झाली होती, पण दाखला कोणी नेला नव्हता. जन्म-मृत्यूचा निबंधक मीच, दाखला लिहून दिला. सातबारावर वारसांची नावं लावणारा फेर झालेला नव्हता. तलाठ्यांनी तो घेतला. घर दारिद्र्यरेषेच्या यादीत होतं, म्हणून राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये मिळण्यासारखे होते. संजय गांधी निराधार योजनेत विधवेचा अर्ज बसत होता, तेव्हा महिन्याला ६०० रुपये होते, आता १,५०० आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी तिच्यासोबत तीन वेळा तहसीलला गेलो. दोन्ही अर्ज मंजूर व्हायला सात महिने लागले. पिकाच्या मदतीतून तिला मिळालं असतं त्याहून हे जास्त होतं, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं.

तिनं मला माफ केलं असं मात्र नाही. त्या दिवाळीत तिनं मला पाहिलं आणि दार लोटून घेतलं. तिच्या जागी तेही बरोबर होतं. आपण सरळ वागलो म्हणून समोरच्यानं आपल्याला चांगलं म्हणावं, ही अपेक्षा धरली की तिथूनही दावं गळ्यात पडतं.

घराबद्दल तुम्ही कमी लिहिलंत, पण वाक्यांमधून मला जाणवलं की तिथंच जास्त दुखतं आहे. वडिलांच्या कर्जाबद्दल आधी. गावातल्या कोणाकडूनही, कितीही थोडे, हातउसने घेऊ नका. कृषी केंद्रवाल्याकडून नाही, सरपंचाच्या भावाकडून नाही, रोजगार सेवकाकडून नाही. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून घ्या, व्याज द्या, पगारातून कापू द्या. वडिलांचं पीककर्ज एकदम फेडायच्या मागं लागू नका. बँकेत त्यांच्यासोबत एकदा स्वतः जा आणि थकबाकीचं पुनर्गठन होतं का ते विचारा. आपण गावाचे दाखले करतो आणि आपल्याच बापाचे कागद पाहायला आपल्याला वेळ नसतो, हे मी स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत फार उशिरा पाहिलं.

मग भेटींचं. कोणी तुरीच्या शेंगा आणून देतं, कोणी सीताफळं, हिवाळ्यात हुरड्याला बोलावतं. सगळं परत करणारा ग्रामसेवक गावाला परका वाटतो, आणि सगळं घेणारा हळूहळू विकला जातो. गाडगेबाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, मग भाकर मागायचे. फुकट खायचं नाही. मी त्यांच्याकडून माझ्यापुरता एक नियम घेतला: चहा सगळ्यांकडे घ्यायचा, अगदी सगळ्यांकडे, पाटलाच्या वाड्यात घेतला तर बौद्ध वस्तीतही, तांड्यावरही, पोडावरही. एखाद्या घरी घ्यायला मन कचरलं तर त्या दिवशी कोणाच्याच घरी नाही. वस्तू घ्यायची तर शिजवून संपेल एवढीच, आणि ज्याचा अर्ज माझ्या टेबलावर आहे त्याच्याकडून तीही नाही. या नियमामुळं मला फार विचार करावा लागला नाही.

मुलीचं अपराधीपण मी तुमच्या मनातून काढू शकत नाही आणि काढायचा प्रयत्नही करत नाही. माझे वडील कापूस भरून जिनिंगला बंडी न्यायचे. भरताना वजन मागं गेलं की बंडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढं गेलं की बैलांचे खांदे सोलतात. भरून झाली की वडील जू हातानं उचलून पाहायचे. मला लहानपणी वाटायचं की ते अगदी हलकं लागलं पाहिजे. ते म्हणायचे, नाही, थोडं जड पाहिजे, नाही तर चढावर बंडी मागं पलटी खाते. तुमच्या खांद्यावर मुलीचं थोडं ओझं राहणारच. ते शून्य करायला गेलात तर कामातली बंडी उलटेल, आणि ते विसरायला गेलात तर घरातली. सांगायचं एवढंच की तिच्यासाठी एक वेळ बांधा आणि ती फळ्यावरच्या वेळेइतकीच पक्की ठेवा. मी संध्याकाळी सात ते नऊ फोन उचलत नव्हतो. गावाला ते माहीत होतं. आग, पूर, बाळंतपण, साप चावणं, एवढ्यासाठी लोक घरी यायचे, आणि बाकीचं सकाळी सांगायचे. सासूबाईंना तुमचं काम दाखवा. एखाद्या ग्रामसभेला त्यांना घेऊन जा, मागं बसू द्या. माझ्या आईनं एकदा मला पारावर यादी वाचताना ऐकलं, त्यानंतर उशिरा येण्यावरून ती कधी बोलली नाही.

कधी कधी दाब धमकीवर जातो, किंवा कोणी सरळ पैशाचं पाकीट पुढं करतो. तेव्हा एकटीनं वाट काढत बसू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा, संघटनेतल्या एका विश्वासू सहकाऱ्याला त्याच दिवशी सांगा आणि तारीख टाकून वहीत लिहा. मला ३३ वर्षांत ही वेळ दोनदा आली. दोन्ही वेळा लगेच सांगितल्यानंच निभावलं.

उद्या शेतात जाताना टेप, वही आणि तीन कोरे कागद न्या. तलाठ्यांना आणि कृषी सहायकांना आज रात्रीच फोन करा की टक्के वेगवेगळे लिहायचे आहेत आणि संध्याकाळी पारावर वाचायचे आहेत. ऐन शेतात सांगितलं तर ते दचकतील. सुरुवात नाल्याकाठच्या शेतांपासून करा. पाणी ओसरून दोन दिवस ऊन पडलं की तिथल्या खुणा पुसल्या जातात.